संशयाचा भार कोणी वाहावा?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गृहस्थांनी उभी हयात जिल्ह्याच्या न्यायालयात वकिली करण्यात घालविली. सकाळी फौजदारी दालनात आरोपीचा बचाव करावा आणि दुपारी दिवाणी दालनात जमिनीचा कज्जा चालवावा, हा क्रम त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. म्हणून त्यांच्या स्मृतीस वाहिलेल्या या व्याख्यानासाठी, जो या दोन्ही दालनांना सारखाच लागू पडतो आणि तरीही दोहोंकडे ज्याचे रूप निराळे असते, असा विषय मी निवडला आहे.

न्यायाधीशाचे काम सत्य हुडकून काढण्याचे आहे असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि त्यात काही खोटे आहे असेही नव्हे. परंतु वीस वर्षांपूर्वी एका शेताच्या बांधावर काय बोलणे झाले, किंवा बंद खोलीत दोन माणसांत काय घडले, हे ज्या पुराव्यावरून ठरवायचे तो पुरावा पुष्कळदा अर्ध्यावरच संपतो. एक साक्षीदार मेलेला असतो, दुसरा उलटलेला असतो, दस्तऐवज वाळवीने खाल्लेला असतो, आणि जो उरतो त्याचे दोन अर्थ होत असतात. इतिहाससंशोधकाला अशा वेळी प्रश्न खुला ठेवता येतो, शास्त्रज्ञाला पुढील प्रयोगाची वाट पाहता येते. न्यायाधीशाला मात्र ‘मला उमगत नाही’ असे लिहून दप्तर बांधून ठेवण्याची मुभा नसते. त्याला निकाल द्यावाच लागतो, आणि निकाल म्हटला की कोणीतरी जिंकणार व कोणीतरी हरणार. तेव्हा पुरावा संपल्यावर जो संशय शिल्लक राहतो त्याचे नुकसान कोणी सोसावे, हा न्यायव्यवस्थेपुढील खरा प्रश्न आहे. निर्दोषत्वाचे गृहीतक, शाबितीचा भार, संशयाचा फायदा, संभाव्यतेचे पारडे, हे जे शब्द आपण वर्तमानपत्रांतून वाचतो ते सारे याच एका प्रश्नाची उत्तरे आहेत, असे माझे म्हणणे आहे.

हा प्रश्न आपल्या पूर्वजांनाही पडला होता. याज्ञवल्क्यस्मृतीत लिखित, भुक्ती आणि साक्षी ही तीन प्रमाणे सांगून, त्यांपैकी एकही उपलब्ध नसेल तेव्हा दिव्याचा आश्रय करावा, असा क्रम घालून दिला आहे. मराठेशाहीतही वतनाचा तंटा गोतापुढे आला म्हणजे आधी कागद पाहत, मग पाटील-कुलकर्ण्यांपासून बलुतेदारांपर्यंत साऱ्यांच्या साक्षी घेत, निवाडा झाला म्हणजे महजर लिहून त्यावर कोणी नांगराची, कोणी आपापल्या हत्याराची निशाणी करी. आणि एवढे करूनही जेव्हा उलगडा होत नसे तेव्हाच रवादिव्यासारखा उपाय निघे. उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा काढलेला हात पिशवीत बांधून त्यावर मोहर करावी, आणि काही दिवसांनी ती उघडून हात जळाला की शुद्ध राहिला हे पाहून वतन कोणाचे ते ठरवावे, ही रीत आज आपल्या अंगावर काटा आणते. परंतु त्या रीतीमागची अडचण मूर्खपणाची नव्हती. मानवी पुरावा जेथे संपतो तेथे पुढे काय, याचे त्या काळाला जे उत्तर सुचले ते देवावर भार टाकण्याचे होते.

आपल्या कायद्याने दिव्य टाकून दिले. अडचण मात्र जागच्या जागी राहिली. तिला आधुनिक कायद्याने दिलेले उत्तर म्हणजे हा भार दोन पक्षांपैकी एकावर आधीच नेमून ठेवणे. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचलेला आणि १ सप्टेंबर १८७२ रोजी अमलात आलेला पुराव्याचा कायदा दीडशे वर्षांहून अधिक काळ चालला. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाने त्याची जागा घेतली, तेव्हा १०१ व्या कलमाचे १०४ वे झाले, पण तत्त्व तेच राहिले. काही वस्तुस्थिती आहे असे प्रतिपादन करून त्यावर जो आपला हक्क किंवा दुसऱ्याची जबाबदारी न्यायालयाकडून ठरवून मागतो, त्यानेच ती वस्तुस्थिती शाबीत केली पाहिजे, असे हे कलम सांगते. त्याला जोडलेल्या दृष्टांतांपैकी पहिला फौजदारी आहे: अमक्याने गुन्हा केला, त्याला शिक्षा व्हावी, असे जो म्हणतो त्याने तो गुन्हा शाबीत करावा. दुसरा दिवाणी आहे: अमक्याच्या ताब्यातील जमीन माझी आहे असे जो म्हणतो त्याने ते शाबीत करावे. त्यापुढचे कलम तर अधिक मार्मिक आहे. दोन्ही बाजूंनी काहीच पुरावा आला नाही अशी कल्पना करा, आणि मग कोण हरेल ते पाहा. जो हरेल त्याच्यावर भार. या एका कसोटीने कित्येक गुंतागुंतीचे कज्जे चटकन उलगडतात, हे मी अनुभवाने सांगतो.

तत्त्व एकच असले तरी दोन्ही दालनांत त्याचे वजन कसे बदलते, हे समजावून घेण्यासाठी महाराष्ट्राला परिचित असलेल्या एका प्रकरणाइतके उत्तम उदाहरण मला दुसरे दिसत नाही. ते म्हणजे लोकमान्य टिळकांच्या आयुष्याची जवळजवळ चौदा वर्षे ग्रासून टाकणारे ताई महाराज प्रकरण. लोकमान्यांच्या राजद्रोहाच्या खटल्यांवर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते आणि ते योग्यच आहे. पण कायद्याच्या विद्यार्थ्याला शिकण्यासारखे या दत्तकाच्या भांडणात अधिक आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

पुण्याचे सरदार श्री बाबा महाराज पंडित ७ ऑगस्ट १८९७ रोजी निवर्तले. मृत्युपत्रान्वये त्यांनी आपल्या इस्टेटीची व्यवस्था ज्यांच्यावर सोपविली होती त्यांत टिळक आणि अमरावतीचे दादासाहेब खापर्डे हे होते. बाबा महाराजांच्या पत्नी ताई महाराज त्या वेळी कोवळ्या वयाच्या आणि गरोदर होत्या. पुढे मुलगा झाला पण तो थोड्याच दिवसांत गेला, आणि दत्तक घेण्याचा प्रश्न उभा राहिला. १९०१ च्या जूनअखेरीस औरंगाबादेस जगन्नाथ नावाच्या मुलाला दत्तक घेतले गेले, असे विश्वस्तांचे म्हणणे. पुण्यास परतल्यावर ताई महाराजांचे मन फिरले, औरंगाबादेस दत्तविधान झालेच नाही अशी भूमिका त्यांच्या बाजूने घेतली गेली, आणि त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात कोल्हापूरच्या बाळा महाराजांना दत्तक घेण्यात आले. मुलाला खरोखर दिले-घेतले गेले काय, त्याला मांडीवर बसविले काय, एवढीच वस्तुस्थिती वादाची होती. औरंगाबादेतील एका वाड्यात काही माणसांच्या देखत काही तासांत घडलेली, किंवा न घडलेली, अशी ती गोष्ट.

आता या एका गोष्टीची न्यायालयांतून झालेली यात्रा पाहा. ताई महाराजांनी मृत्युपत्राचे प्रोबेट, म्हणजे त्याला मिळालेली न्यायालयीन मान्यता, रद्द करण्यासाठी पुण्याचे जिल्हा न्यायाधीश अॅस्टन यांच्याकडे अर्ज केला. १९०२ साली त्यांनी टिळकांच्या विरुद्ध निर्णय दिला आणि एवढ्यावर न थांबता त्यांच्यावर फौजदारी खटला चालविण्याची तजवीज केली. शपथेवर खोटे सांगितल्याच्या आरोपाखाली मॅजिस्ट्रेटने ऑगस्ट १९०३ मध्ये टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी व एक हजार रुपये दंड ठोठावला. सत्र न्यायाधीशाने ती शिक्षा सहा महिन्यांवर आणली. आणि मार्च १९०४ मध्ये सर लॉरेन्स जेंकिन्स मुख्य न्यायमूर्ती असलेल्या मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द करून टिळकांना दोषमुक्त केले.

पुण्यात आनंद झाला, आणि तो स्वाभाविक होता. परंतु औरंगाबादेस दत्तविधान झाले असे त्यामुळे ठरले काय? मुळीच नाही. फौजदारी न्यायालयापुढील प्रश्न, टिळकांनी जाणूनबुजून खोटी साक्ष दिली असे सरकारने शाबीत केले काय, एवढाच होता, आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे आले. ‘शाबीत झाले नाही’ आणि ‘उलट गोष्ट शाबीत झाली’ यांत जे अंतर आहे, ते आपल्याकडील शिकल्यासवरल्या माणसांनाही अनेकदा दिसत नाही. जगन्नाथाचे दत्तकत्व ठरविण्यासाठी दिवाणी दावा स्वतंत्रपणे चालवावा लागला. १९०६ साली पुण्याच्या दुय्यम न्यायाधीशाने तो जगन्नाथाच्या बाजूने निकालात काढला. १९१० साली, टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना, उच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. आणि अखेर मार्च १९१५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने उच्च न्यायालयाचा हुकूमनामा रद्द करून औरंगाबादचे दत्तविधान खरे मानले.

एकच वस्तुस्थिती, आणि तिच्यावर चौदा वर्षांत इतके न्यायाधीश बसले! ही न्यायसंस्थेची शोभा होय असे मी म्हणणार नाही. त्या दिरंगाईने एका कुटुंबाचे व अनेक माणसांचे काय झाले असेल याचा विचार मनाला खिन्न करतो. परंतु फौजदारी आणि दिवाणी निर्णयांनी एकमेकांना बांधून घेतले नाही, ही गोष्ट मात्र चुकीची नव्हती. स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९५४ साली हेच सांगितले की दोन न्यायालयांचे निष्कर्ष परस्परविरोधी होण्याचा संभव कायद्याने गृहीतच धरला आहे. एक न्यायालय माणसाला तुरुंगात घालण्याची मागणी ऐकत असते, तर दुसरे दोन दावेदारांपैकी वस्तू कोणाच्या हाती द्यावी हे पाहत असते. चुकीची किंमत दोन्हीकडे सारखी नसते.

दिवाणी दाव्यात वादी वादपत्र दाखल करतो, प्रतिवादी कैफियत देतो, आणि जेथे एकाने म्हटले व दुसऱ्याने नाकारले तेवढ्यापुरते न्यायाधीश मुद्दे काढतो. मुद्दे काढणे हे वरवर पाहता कारकुनी काम वाटते, पण माझ्या मते दाव्याचे अर्धे भवितव्य तेथेच ठरते, कारण प्रत्येक मुद्द्याच्या शब्दरचनेतच तो कोणी शाबीत करायचा हे लिहिलेले असते. खेड्यातला शेतकरी सातबाऱ्याचा उतारा छातीशी धरून येतो आणि ‘साहेब, नाव माझे आहे’ म्हणतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १५७ व्या कलमान्वये त्या नोंदीला खरेपणाचे गृहीतक लाभते हे खरे. परंतु ते गृहीतक उलट पुराव्याने खोडता येते, आणि नुसत्या फेरफार नोंदीने मालकी उत्पन्न होत नाही, हे त्याला कोणी वेळेवर सांगत नाही. त्या गृहीतकाने फक्त संशयाचा भार समोरच्यावर टाकलेला असतो. समोरच्याने खरेदीखत दाखविले की तो परत याच्याकडे येतो, आणि अशा ये-जा करणाऱ्या भारानिशी दावा पुढे सरकतो.

आणि शेवटी वजन करायचे ते कोणत्या मापाने? एका दांपत्याच्या वैवाहिक दाव्यात क्रूरतेचा आरोप संशयातीत शाबीत झाला पाहिजे, असे उच्च न्यायालयाने धरले होते. १९७५ साली न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या वतीने ते दुरुस्त केले आणि सांगितले की दिवाणी कामात ज्या बाजूकडे संभाव्यतेचे पारडे झुकेल ती बाजू शाबीत धरायची. संशयापलीकडची कसोटी ही माणसाचे स्वातंत्र्य पणाला लागलेल्या फौजदारी कामाची आहे. मात्र मुद्दा जितका गंभीर, तितके ते पारडे सावधपणे पाहावे, हेही त्यांनी जोडून दिले. दोन तोळ्यांनी झुकले तरी दिवाणी न्यायालय त्या बाजूचे म्हणणे मान्य करते. फौजदारी न्यायालयात आरोपीच्या विरुद्ध बाजूचे पारडे जमिनीला टेकावे लागते.

असे का असावे? पुष्कळ लोक याचे उत्तर दयाबुद्धीत शोधतात, आणि म्हणूनच एखादा अट्टल गुन्हेगार सुटला म्हणजे ‘कायद्याला गुन्हेगाराचाच कळवळा’ असे उद्गार निघतात. मला हे उत्तर अपुरे वाटते. फौजदारी खटल्यात एका बाजूस पोलीस, प्रयोगशाळा, सरकारी वकील आणि अटक करण्याचा अधिकार यांनिशी राज्यसत्ता उभी असते, तर दुसऱ्या बाजूस बहुधा कोठडीत बसलेला एकटा इसम. या विषमतेत संशयाचा भार जर दुबळ्यावर टाकला तर सबळाला पुरावा गोळा करण्याचे कारणच उरणार नाही. माणसाला धरावे आणि तूच निर्दोष असल्याचे दाखव म्हणावे, की तपास संपला. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही हा आपल्या कायद्याचा नियम १८६१ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यातून चालत आला आहे, आणि त्याच्या थोडे आधी, १८५५ साली, मद्रास इलाख्यातील महसूल व पोलीस अंमलदार रयतेचा कसा छळ करीत याची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल बाहेर पडला होता. जे सरकार परके होते त्यालाही आपल्याच शिपायांवर विश्वास ठेवणे अशक्य झाले होते. आजच्या नव्या अधिनियमाच्या २३ व्या कलमात तो नियम टिकून आहे, आणि तो टिकला याचे मला मनापासून समाधान आहे.

इंग्लंडातही हे तत्त्व सुखासुखी स्थिर झाले नाही. वुलमिंग्टन नावाच्या तरुणावर पत्नीच्या खुनाचा आरोप होता. बंदूक चुकून उडाली असे तो म्हणत होता. मारले हे एकदा दिसले की खून गृहीत धरावा आणि अपघात होता हे आरोपीने पटवावे, असे न्यायाधीशाने ज्यूरीला सांगितले व त्याला फाशीची शिक्षा झाली. १९३५ साली लॉर्ड सँकी यांनी हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये ती रद्द करताना शाबितीचा भार अथपासून इतिपर्यंत फिर्यादी पक्षावरच राहतो हे निःसंदिग्धपणे सांगितले.

आपल्याकडे हाच प्रश्न मुंबईच्या नानावटी खटल्यात अधिक नाजूक स्वरूपात आला. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलाचे कमांडर नानावटी यांच्या रिव्हॉल्व्हरमधील गोळ्यांनी एक इसम मेला. झटापटीत गोळ्या सुटल्या असा बचाव होता, आणि तो न टिकल्यास गंभीर व आकस्मिक प्रक्षोभाचा. ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मताने ‘दोषी नाही’ म्हटले. सत्र न्यायाधीशांना तो कौल मान्य न झाल्याने त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. उच्च न्यायालयाने दोषी ठरविले. आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. लोकांना त्या खटल्यातील प्रेम, मत्सर आणि वर्तमानपत्री कोलाहल तेवढा आठवतो. त्यातील कायद्याचे मर्म मात्र शाबितीच्या भारात होते, कारण ज्यूरीला केलेल्या मार्गदर्शनात त्याविषयी दोष राहिले होते. पुराव्याच्या तेव्हाच्या कायद्याचे १०५ वे कलम असे होते की आपले कृत्य दंडसंहितेतील अपवादात बसते असे म्हणणाऱ्या आरोपीने तो अपवाद शाबीत करावा. मग निर्दोषत्वाचे गृहीतक कोठे गेले? न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी दिलेले उत्तर विचारात घेण्यासारखे आहे. अपवादापुरता विशेष भार आरोपीवर येतो. परंतु अपघात शाबीत करण्यासाठी दिलेला पुरावा त्यासाठी अपुरा पडला, तरी त्याच पुराव्याने मारण्याच्या हेतूविषयीच वाजवी संशय उत्पन्न झाला, तर गुन्ह्याचा घटकच निसटतो आणि मूळचा सर्वसाधारण भार फिर्यादी पक्षाला पेलता आला नाही असे होते. शिवाय आरोपीवर जेव्हा असा भार येतो तेव्हा त्याचे माप दिवाणी असते. त्याला संभाव्यता दाखविणे पुरते.

परंतु हा सारा विचार सांगत असताना देसाईगंजचे नाव न घेणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यातील त्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसाने बलात्कार केल्याचा आरोप झाला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, नागपूर खंडपीठाने दोषी धरले, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर इजा नव्हत्या, प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या, म्हणून संमती नव्हती असे म्हणवत नाही, असा त्या निकालाचा रोख होता. रात्रीच्या वेळी, पोलीस ठाण्यात, गणवेशातील माणसापुढे, एका निराधार मुलीने ओरडून प्रतिकार केला नाही, याचा अर्थ तिची संमती असा काढता येतो काय? उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहून हाच सवाल केला, स्त्रियांच्या संघटना देशभर उभ्या राहिल्या, आणि १९८३ साली कायदा बदलला. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी संभोग शाबीत झाला आणि संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे, असे ११४ अ हे कलम त्या वेळी आले.

मघाशी मी सबळ-दुबळांच्या विषमतेचे जे कारण दिले ते येथे मोडत नाही, उलट तेच या बदलाला आधार देते. त्या खोलीत राज्यसत्ता आरोपीच्याच अंगावरच्या गणवेशात होती. म्हणून संशयाचा भार त्या मुलीच्या डोक्यावरून उचलून त्याच्यावर ठेवला गेला, आणि तो योग्य ठिकाणी ठेवला गेला, असे माझे स्पष्ट मत आहे.

भार उलटविण्याची ही शक्ती मात्र फार जपून वापरली पाहिजे. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातील ३५ वे कलम आरोपीची दुष्ट मनोवृत्ती गृहीत धरते, आणि ती नव्हती हे आरोपीने वाजवी संशयापलीकडे शाबीत करावे असे म्हणते. म्हणजे जे जड माप शतकानुशतके राज्यसत्तेसाठी राखून ठेवले होते ते कोठडीतल्या माणसापुढे मांडले गेले आहे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनेत बसते असे ठरविले, पण मूळ वस्तुस्थिती सरकारने आधी शाबीत केल्याखेरीज ते गृहीतक जागे होत नाही, अशी अट घातली. ती अट खालच्या न्यायालयांत कसोशीने पाळली जावी, असे मला कळकळीने वाटते.

संशयाचा फायदा म्हणजे कोणत्याही लहरी शंकेचा फायदा नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. १९७३ साली महाराष्ट्रातील एका खुनाच्या अपिलात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी बजावले की दूरच्या कल्पित शक्यतांना वाजवी संशयाचे रूप देऊन आरोपी सुटत गेले तर लोकांचा न्यायावरील विश्वास उडतो. त्याच निकालात त्यांनी ‘दोषी असू शकेल’ आणि ‘दोषी असलाच पाहिजे’ यांतील अंतर मोठे आहे असेही लिहिले, आणि १९८४ साली पुण्यातील एका विवाहितेच्या मृत्यूच्या खटल्यात, परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी कशी असावी याचे पंचशील सांगताना, सर्वोच्च न्यायालयाने त्या अंतराचाच आधार घेतला. दोन्ही वाक्ये एकाच न्यायमूर्तीची आहेत. वकील आपापल्या सोयीचे एकच वाचून दाखवितात.

आता ताई महाराज प्रकरणाकडे पुन्हा वळू. प्रिव्ही कौन्सिलच्या १९१५ च्या निकालातील ज्या भागाचा आजही न्यायालयांत आधार घेतला जातो, तो दत्तकाविषयी नाही. विश्वस्त व त्यांचे साक्षीदार संगनमताने खोटे बोलले या निष्कर्षावर उच्च न्यायालयाचा निकाल उभा होता, आणि त्यासाठी आधीच्या कामांतील त्यांच्या जबान्यांचा उपयोग केलेला होता. लॉर्ड शॉ यांनी विचारले की तो मजकूर त्या साक्षीदारांपुढे उलटतपासणीत ठेवून, यावर तुमचे काय म्हणणे आहे, असे त्यांना विचारले होते काय? विचारले नव्हते. माणसाला त्याचा जुना जबाब दाखवून खुलासा करण्याची संधी दिल्यावाचून त्याला खोटारडा ठरविता येणार नाही, हे तत्त्व तेथे पक्के झाले. भार कोणावरही असो, ज्याच्या विरुद्ध निष्कर्ष काढायचा त्याला तोंडावर विचारले पाहिजे, ही गोष्ट दिवाणी व फौजदारी अशा दोन्ही दालनांत समान आहे. उलटतपासणी म्हणजे साक्षीदाराला भांबावून सोडण्याची कला असे समजणाऱ्या तरुण वकिलांनी हा निकाल मुळातून वाचावा.

आता अखेरचा मुद्दा, आणि तो निकालापूर्वीच्या काळाचा आहे. निर्दोषत्वाचे गृहीतक निकालाच्या दिवशी उपयोगी पडते असे आपण धरून चालतो. पण ज्याचा खटला उभाच राहिलेला नाही आणि जो जामिनाच्या रकमेअभावी वर्षानुवर्षे कच्चा कैदी म्हणून तुरुंगात आहे, त्याच्या बाबतीत संशयाचा भार न्यायालयाने नव्हे तर नुसत्या कालहरणाने त्याच्यावर टाकलेला असतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमाने यावर एक उपाय केला आहे. फाशी किंवा जन्मठेपेस पात्र असे गुन्हे आणि एकाहून अधिक गुन्ह्यांचे खटले प्रलंबित असलेले कैदी वगळता, ज्याला पूर्वी कधी शिक्षा झालेली नाही अशा कैद्याने संभाव्य कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश मुदत काढली की त्याला जातमुचलक्यावर सोडावे, इतरांना निम्म्या मुदतीनंतर सोडण्याचा विचार व्हावा. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम १ जुलैपूर्वी नोंदलेल्या गुन्ह्यांतील कैद्यांनाही लागू केले. मुदत भरताच न्यायालयाकडे लेखी अर्ज करण्याचे कर्तव्य तुरुंग अधीक्षकावर आहे. परंतु कोणाची मुदत कधी भरते हे मोजण्यास कोणीतरी यादी घेऊन बसावे लागते, कलमे तपासावी लागतात, आणि कैद्याला विचारावे लागते. या सभागृहात बसलेल्या तरुण वकिलांना आणि विधी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत आपल्या जिल्ह्याच्या तुरुंगातील ती यादी मागून घ्यावी आणि या महिन्यातच तिच्यावर काम सुरू करावे.